भोंग्यावरची अकरा नावं

दौलतभाऊ गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरनं दिली. वडशाच्या स्टँडवर मी ब्रह्मपुरीच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. समोर कुरखेड्याकडून आलेली गाडी थांबली, अन् कंडक्टर दारातूनच ओरडला, "मास्तर, तुमचा दौलतभाऊ गेला ना जी! सकायीच गेला. तुमाले कोनी सांगतलं नाई?" गाडीतल्या सगळ्यांनी माना बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, मला आधी आला तो राग. रडू मागाहून आलं. दोन महिने माणूस अंथरुणाला खिळून होता, मी एकदा जाऊन आलो, 'पुन्हा येतो' म्हणालो आणि गेलो नाही. कारण काय, तर शाळेची तपासणी. तपासणी! साहेब आले, चहा प्यायले, वर्गाबाहेरूनच परत गेले... अन् इकडे हा गेला.

तीन आठवडे झाले त्याला. पुरवणीसाठी 'चार गोड आठवणी' लिहून द्या, असा निरोप आला आहे. गोडच हव्यात म्हणे. ज्या वर्तमानपत्रांतून त्याच्यावर सहा-सात महिने चिखल उडत होता, तीच आता 'झाडीपट्टीचा लाडका नट' म्हणून त्याचा फोटो मागतात. माणूस मेला की सगळ्यांना त्याचा पुळका येतो. मला गोड लिहिता येत नाही. जे झालं ते लिहितो.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. दौलतभाऊ त्यातला नट. नायक तो कधीच झाला नाही. कपटी मामा, खुनशी पाटील, भावाला फसवणारा भाऊ, अशी कामं त्याची. बाया त्याला प्रेक्षकांतून शिव्या घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच घरी जेवायला बोलवायच्या. आवाज असा, की भोंगा बंद पडला तरी शेवटच्या बैलगाडीवर बसलेल्याला ऐकू जावं. शिक्षण मात्र जेमतेम दुसरी. अक्षरं लागत नव्हती त्याला. ही गोष्ट नाटक कंपनीतल्या चार माणसांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती, आणि त्याला ती कोणाला कळू द्यायची नव्हती. मी प्राथमिक शाळेत मास्तर आणि हंगामात त्याच्या कंपनीचा प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत वही घेऊन उभा राहणारा आणि नटाला वाक्य पुरवणारा माणूस. मी हळूच वाक्य टाकायचं, त्यानं ते उचलायचं. पंधरा हंगाम आम्ही असे काढले. पुढे पुढे मी नुसते ओठ हलवले तरी त्याला पुरायचं.

रक्ताच्या संशोधनाच्या भानगडीत तो पडला तो बहिणीमुळे. त्याची धाकटी बहीण नऊ वर्षांची असताना गेली. हातापायांची हाडं दुखतात म्हणून पोरगी गुराढोरासारखी ओरडायची, डोळे पिवळे व्हायचे, पोट फुगायचं. गाव म्हणे, करणी आहे. बाप बाबासाहेबांचा माणूस, छप्पन साली दीक्षा घेऊन आलेला. तो करणीबिरणी मानणारा नव्हता. त्यानं पोरीला पाठीवर घेऊन चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, गाठला. तिथं सांगितलं, वात आहे. वातावरचं औषध खात खात पोरगी गेली. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी शहरातल्या एका संस्थेची, संशोधन निधीची, जीप आमच्या भागात फिरायला लागली. त्यांच्यातल्या एका डॉक्टरानं शाळेत सगळ्यांना बसवून सिकलसेल म्हणजे काय ते समजावलं. रक्तातला दोष, आईबापांकडून येतो. एकाकडून आला तर माणूस नुसता वाहक, त्याला काही होत नाही. दोघांकडून आला तर दुखणं. यावर अजून पक्कं औषध नाही, म्हणूनच गावोगावचं रक्त तपासायचं. दौलतभाऊ मागच्या भिंतीला टेकून ऐकत होता. डॉक्टरांचं झालं तसा उठून म्हणाला, "म्हंजे माही बहीन याच्यानंच गेली." बस. त्या दिवसापासून तो त्यांचा झाला.

निधीला असा माणूस कुठे मिळाला असता? त्याचा फोटो पोस्टरवर आला, 'दौलतभाऊ सांगतात, रक्त तपासा.' चंद्रपुरापासून सिरोंच्यापर्यंत दवाखान्यांच्या भिंतींवर तो लागला. आयुष्यभर स्टेजवर लोकांचं वाटोळं केलेला माणूस, आता लोकांचं भलं करा म्हणून सांगत होता, आणि लोक ऐकत होते! पण ऐकणं वेगळं अन् बोट पुढं करणं वेगळं. लोकांना वाटे, रक्त नेऊन विकतात. टोचलं की ताकद जाते. जीप दिसली की बाया शेतात पळत. तेव्हा दौलतभाऊनं आपली युक्ती काढली. नाटकाच्या दिवशी दुपारी आमच्याकडे शंकरपट असतो, बैलजोड्यांची शर्यत. पटाच्या मंडपात भोंगा लागलेला असतो, आणि कोणी मंडपाला बांबू दिले, कोणी पाहुण्यांच्या जेवणाला तांदूळ दिले, त्यांची नावं भोंग्यावरून घेतली जातात. आमच्याकडे याला फार मोल. नाव घ्यायचं राहिलं तर माणूस वर्षभर रुसतो. संध्याकाळच्या नाटकातला नट असला की माईक त्याच्या हाती देतात. दौलतभाऊनं जाहीर करून टाकलं, "जो रक्त देईन त्याचं नाव मी सोता भोंग्यावर घेईन!" अन् काय सांगू, रांगा लागल्या. म्हातारे बोट पुढे करून विचारत, "नाव बरोबर घेसान ना बाप्पा?" नावं मी कागदावरून हळूच वाचायचो, तो आवाज द्यायचा. दोन हंगाम हे असंच चाललं, आणि निधीच्या लोकांनी पाठ थोपटली.

तिसऱ्या हंगामात ते झालं. गावाचं नाव देत नाही. दुपारचा पट, अंगावर धूळ, मंडपात बायापुरुषांची दाटी. निधीच्या जीपवाल्यानं एक कागद आणून दिला आणि म्हणाला, यांना उद्या दवाखान्यात बोलवा, पुन्हा तपासायचं आहे. अकरा नावं. बंद पाकीट नाही, सूचना नाही, काही नाही. बाजाराची यादी द्यावी तसा कागद माझ्या हाती दिला आणि जीप गेली. मी मास्तर माणूस, वाचणारा मी, विचार मी करायला हवा होता. मी केला नाही. दौलतभाऊनं माईक घेतला, मी त्याच्या डाव्या अंगाला उभा राहिलो आणि एकेक नाव टाकत गेलो, तो घेत गेला, मानकऱ्यांची घ्यावीत तशी. अकरावं नाव झालं आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "याइलेच काऊन बोलावलं जी?" दौलतभाऊनं सरळ सांगून टाकलं, "याइच्या रक्तात सिकल निघाला म्हनून! त्यात लाजाचं काय हाय? पाप थोडंच हाय?" दोन वर्षं तो गावोगाव हेच वाक्य म्हणत होता आणि लोक टाळ्या देत होते. लोकांना ते पटलं आहे, असंच त्याला वाटत होतं. स्वतःच्या भाषणावर त्याचा स्वतःचा एवढा विश्वास! त्या दिवशी मात्र टाळी वाजली नाही.

त्या अकरांत एक मुलगी होती. साक्षगंध झालेलं, वैशाखात लग्न. मुलाचा मामा त्या दिवशी पटाला बैल घेऊन आला होता. आठ दिवसांत निरोप आला, पोरीच्या रक्तात दोष आहे, सोयरीक मोडली. ती नुसती वाहक होती. तिला काहीएक होणार नव्हतं. मुलाचं रक्त तपासून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं, लग्नाला हरकत आहे की नाही. पण मुलाचं बोट कोण टोचणार? त्याच्या रक्तात दोष असू शकतो, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

यानंतर जी टीका सुरू झाली, ती खोटी होती असं मी म्हणत नाही. रोग्याची गोष्ट चारचौघांत सांगू नये, हे शंभर टक्के खरं. ते कोणीतरी लिहायलाच हवं होतं. पण लिहिलं कसं? पहिला लेख चंद्रपूरच्या एका प्राध्यापकांचा, 'रोग्यांच्या रक्तावर नाटक.' त्यात दौलतभाऊ नटवा, प्रसिद्धीला हपापलेला, रक्ताचा दलाल. आणि तिसऱ्याच ओळीत त्या मुलीचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका! दौलतभाऊनं नाव घेतलं ते एका गावापुढे. यांनी ते दोन जिल्ह्यांत पोचवलं. मग पत्रं आली, अग्रलेख आला, एका हॉलमध्ये निषेध सभा झाली. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकली. सात वक्ते, सातही जण तिचं नाव घेऊन गहिवरले. तिला विचारून घ्यावं असं एकालाही सुचलं नाही. आणि तो कागद ज्यांनी उघडा पाठवला त्या निधीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण तिथे डॉक्टर होते, शिकलेली माणसं होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! निधीनंही पत्रक काढून हात झटकले, 'सदर कलावंत आमचे अधिकृत प्रतिनिधी नव्हते.' ज्या पोस्टरवर त्याचा फोटो होता, त्यावर कोरे कागद चिकटवले. आमच्या दवाखान्यातला कागद पावसात ओला होऊन निघाला आणि खालून याचं अर्धं तोंड पुन्हा दिसायला लागलं. ते पाहून कंपाउंडर हसला. मला हसू आलं नाही.

दौलतभाऊ हे सगळं माझ्याकडून वाचून घ्यायचा. दर रविवारी मी पेपर घेऊन त्याच्या ओसरीवर जायचो. त्याची बायको, सुमनवहिनी, काळा चहा आणून ठेवायची आणि आत जायची. तिला ते ऐकवत नसे. तो डोळे मिटून ऐकायचा, जशी भूमिका ऐकायचा तशी. एकदा ऐकलं की पाठ. प्राध्यापकांचा अख्खा लेख तो त्यांच्याच सुरात म्हणून दाखवायचा, 'सदर इसमाची बौद्धिक पातळी लक्षात घेता...' मला संताप यायचा. मी म्हणायचो, अरे, उत्तर दे! कागद कोणी पाठवला ते सांग! तो डोळे उघडून एवढंच विचारायचा, "तिचं नाव किती डाव आलं?"

"चार वेळा."

"मांगच्या हप्त्यात तीन डाव होतं," तो म्हणायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, अकरा नावं घेतले आपन. दहा पोट्टे होते. त्यातल्या एकाचीबी सोयरीक मोडली नाई. हे कोनी लिवून नाई राह्यलं." आणि खरंच कोणी लिहिलं नाही. मी तरी कुठे लिहिलं?

एके दिवशी तो उठला आणि एकटाच चंद्रपूरला संपादकाकडे गेला. स्वतःची बाजू मांडायला नव्हे. "माह्यं काय लिवाचं ते लिवा, पन त्या पोरीचं नाव नोका छापू जी," एवढंच सांगायला. संपादक म्हणाले, आमच्यावर दबाव आणता? हा म्हणाला, हात जोडतो. दुसऱ्या दिवशी ठळक मथळा, 'टीका दडपण्याचा प्रयत्न.' खाली पुन्हा सगळी हकिकत, पुन्हा तिचं नाव. मी कपाळावर हात मारून घेतला. तिथेच माझं डोकं फिरलं आणि मी लेखणी उचलली. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ना, तसं. दौलतभाऊच्या बचावाचं लांबलचक पत्र लिहिलं, ते छापूनही आलं. निधीला झोडपलं, प्राध्यापकांना झोडपलं. मोठा पराक्रम केल्याच्या थाटात पेपर घेऊन ओसरीवर गेलो आणि वाचून दाखवला. पत्राच्या मध्यावर मी तिचं नाव लिहिलं होतं, पुढे हेही, की त्या दोन घरांचं आधीपासूनच जमत नव्हतं असं ऐकिवात आहे. ऐकिवात! कोणाच्या? माझ्याच.

त्यानं डोळे उघडले. "तुमी तिचं नाव काऊन लिवलं?"

"अरे, पुराव्यासाठी लिहावं लागतं."

"मी तं बोललो, मास्तर. बोललेलं चार लोकं इसरून जातेत. तुमी तं छापलं." मग तो आत गेला. चहा थंड झाला तरी बाहेर आला नाही. त्या पत्रात मी एक गोष्ट मात्र लिहिली नव्हती, की यादी वाचणारा मी होतो. आणि त्यानंही ती कधी कोणाला सांगितली नाही. सगळ्या गदारोळात यादी वाचणारा म्हणून माझं नाव कुठेही आलं नाही. विंगेतल्या माणसाला कोण बघतो?

वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. या काळात तो त्या मुलीच्या घरी जाऊन आला, हे मला वहिनीकडून कळलं. मुलीचा बाप अंगणात बसला होता. याला पाहून म्हणाला, "आता भोंगा नाई आनला का संग?" हा तिथेच मातीत बसला. कोणी पाणी विचारलं नाही. दुपार उतरेपर्यंत बसून तो परत आला. पुढच्या वर्षी पुन्हा गेला. त्याच्या पुढच्या वर्षी बापानं खाट टाकली म्हणे. कंपन्यांनी त्याला मोठी कामं देणं बंद केलं होतं. निधीची जीप आमच्या भागात पुन्हा आली नाही. सभेतले सातही वक्ते दुसऱ्या विषयाकडे वळले. अन् गावांत हाडं दुखून रडणारी पोरं होती तशीच राहिली, फक्त आता त्यांचे आईबाप रक्त तपासायचं नाव काढलं की दार लावून घेत. टीकाकार जिंकले, निधी सुटला. हरलं कोण, ते तुम्हीच बघा.

शेवटी मी भेटायला गेलो तेव्हा त्याचा तो आवाज पार बसला होता. कान तोंडाशी न्यावा लागला. म्हणाला, "मी तिच्या घरी जाऊन आलो, मास्तर. तुमी नाई गेले." मी म्हणालो, जातो. "कधी?" मी म्हणालो, तपासणी झाली की. त्यानं मान हलवली... माझं हे 'जातो' त्याला पुरतं ठाऊक होतं.

गेल्या रविवारी त्याच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग भाषणं. निधीचे एक गृहस्थ हार घेऊन आले होते. 'संशोधनाचा थोर प्रचारक हरपला' म्हणाले. अधिकृत प्रतिनिधी नसलेल्या माणसाला एवढा मोठा हार! मी उठून काहीतरी बोलणार होतो, पण वहिनीनं हातानंच बसा म्हटलं. जेवणं सुरू झाली तेव्हा मी हात धुवायला मागल्या अंगणात गेलो. तिथे ती मुलगी उभी होती. आता बालवाडीत शिकवते, लग्न केलं नाही.

"वळखलं का मास्तर?"

ओळखलं होतं. वाटलं, आत निघून जावं. तीन वर्षं पुढं ढकललेलं काम समोर येऊन उभं होतं, तेही माझ्या दारी नाही, त्याच्या दारी. मी म्हणालो, "बाई, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी यादी मी वाचली होती. दौलतला वाचता येत नव्हतं."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "मी समोरच बसली होती बायांत. पयले तुमचे ओठ हालत, मंग भोंग्यातून नाव ये. माह्यं नाव भोंग्याच्या आंधी मी तुमच्या ओठावर पाह्यलं."

मी विचारलं, "दौलत तुमच्या घरी यायचा तेव्हा..."

"त्यायनं माह्या बाबाले सांगतलं, मीच वाचलं, दुसरा कोनी नोता म्हनून. मी आतून आयकत होती. मी काई नाई बोलली."

"पण पेपरवाले तुझ्याकडे आले होते ना, मला तेव्हाच कळलं होतं. अजून कोण कोण होतं म्हणून विचारत होते. तू का नाही सांगितलंस?"

तिनं तांब्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं. "सांगतलं असतं तं त्यायनं तुमचं नाव छापलं असतं ना, मास्तर. नाव भाईर पडलं का मानसाचं काय होते, ते मले समजलं होतं."

मग ती पदर खोचून बायांना वाढायला गेली. आत चाळीस-पन्नास माणसं जेवत होती, निधीचे गृहस्थही होते. मी आत जाऊन पंगतीत बसलो आणि तिथेही कोणाला काही बोललो नाही. इथे लिहितो आहे. यादी मी वाचली होती. या लेखाखाली माझं नाव पूर्ण छापावं, आणि तिचं कोणी विचारलं तर सांगू नये.